परदेशात घरची कॉफी जमत नाही? आधी पाणी बघ, मग दूध, कॉफीची थैली सगळ्यात शेवटी

इंदूरच्या रामबागेतल्या एका मुलीचा प्रश्न आलाय, सध्या मुक्काम म्युनिक. थोडक्यात असा: "मावशी, इथे येऊन ८ महिने झाले, कॉफीची दुकानं पावलोपावली आहेत पण घरी केली की कधी आंबट लागते नाहीतर नुसतं कडू पाणी. ४ ब्रँड बदलून झाले. आईने इंदूरहून २ किलो पावडर पाठवली, ती पण इथे तशी लागत नाही. नेमकी कुठली कॉफी घेऊ?"

अगं, कुठली घ्यायची ते सांगतेच, पण तुझ्या प्रश्नातच अर्धं उत्तर पडलंय बघ. पावडर आईचीच, करणारी तूच, पातेलं पण बहुतेक इथूनच नेलेलं, तरी चव बदलली. मग बदललं काय? पाणी बदललं आणि दूध बदललं. हे दोन धरल्याशिवाय तू अजून १० ब्रँड बदललेस तरी तिथेच फिरत राहशील, आणि हे मी अनुभवाने सांगतेय कारण ह्यांच्या नोकरीमुळे मी ७ वर्षं जर्मनीतच होते, म्युनिकपासून तासाभरावर, तिथे एका छोट्या रोस्टरीत, म्हणजे कॉफी भाजून विकणाऱ्या दुकानात, हाताखाली काम केलं, परत आल्यावर बंगळुरूला कॉफी बोर्डाचा कापी शास्त्र कोर्स केला आणि आता १८ वर्षं झाली, स्नेहलतागंजात घरामागच्या खोलीत कॉफी भाजते.

आधी मला हे सांग की तुला आठवण नक्की कुठल्या कॉफीची येते. आपल्याकडे इंदूरच्या मराठी घरात कॉफी म्हटलं की वेगवेगळ्या चारपाच गोष्टी असतात. एक आजीची, दुधात साखर आणि पावडर उकळून, वर जायफळ-वेलची, फडक्यातून गाळलेली, कोजागिरीला किंवा कुणी बघायला येणार असलं की व्हायची ती. दुसरी इन्स्टंट पावडर साखरेबरोबर चमच्याने फेटून फेटून पांढरट केलेली. तिसरी लग्नातल्या स्टॉलवरची, मशीनची वाफ सोडून फेस काढलेली आणि वर चॉकलेटची पावडर भुरभुरलेली, जिला आपण सगळे लहानपणापासून एस्प्रेसो म्हणतो, म्हणून तिकडे कुणी पहिल्यांदा एस्प्रेसो मागितली की समोर ३० मिलीची काळी कडक कपबशी येते आणि माणूस गोंधळतो. मग इंडियन कॉफी हाउसची, आणि ज्यांच्या घरी कुणी बंगळुरू-चेन्नईला राहून आलंय त्यांची पितळी फिल्टरची. ह्या प्रत्येकीला लागणारी कॉफी वेगळी आहे. तिकडच्या दुकानात जाऊन नुसतं "चांगली कॉफी द्या" म्हटलंस तर तो त्याच्या मताने सगळ्यात चांगली देणार, म्हणजे हलकी भाजलेली इथिओपियाची, लिंबाच्या फुलासारखा वास, काळी प्यायला अप्रतिम, आणि तू घरी येऊन त्यात दूध-साखर घालणार आणि ती फाटल्यासारखी लागणार. कॉफीत खोट काही नसते, ती दुधासाठी भाजलेलीच नसते.

तुझ्या लिहिण्यावरून तू दुधाची पितेस असं मी धरून चालते. काळ्या कॉफीचं मध्ये थोडं येईल.

आता पाणी. ह्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण हे कुणी सांगतच नाही. माझ्या तिकडच्या पहिल्या हिवाळ्यात मी एका रोस्टरीतून थैली आणायचे, दुकानात चाखलेली कॉफी सुरेख, घरी तीच थैली एकदम खडूसारखी. दोनदा परत नेऊन दिली. तिसऱ्यांदा त्या मालकाने काही न बोलता माझ्या हातात त्याच्या मशीनच्या पाण्याची लिटरभराची बाटली दिली, म्हणाला ह्यात करून बघ. घरी तीच कॉफी, तोच चमचा, तेच भांडं, आणि कपात दुकानातली चव. त्या दिवसापासून मी नवीन गावी गेले की आधी किटलीच्या तळाशी बघते, पांढरा थर किती बसलाय ते.

तुला इंदूरचं उदाहरण देते म्हणजे लगेच कळेल. नर्मदेच्या पाण्यात तुरीची डाळ पटकन शिजते आणि तीच डाळ बोरिंगच्या पाण्यात घातली की शिट्ट्यांवर शिट्ट्या, तरी दाणा अख्खाच. हेच जड पाणी. जलूदहून ७० एक किलोमीटर चढवून आणलेल्या नर्मदेच्या पाण्यावर तुझी जीभ वाढलीय. म्युनिकचं पाणी प्यायला उत्तम, स्वच्छ, पण येतं आल्प्सच्या पायथ्याच्या चुनखडीच्या थरांतून, त्यामुळे चुना भरपूर. आता चुन्याचं कॉफीत काम काय, तर पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम थोडं हवंच असतं, ते पावडरीतली चव ओढून काढतं, म्हणून अगदी आर.ओ.च्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात कॉफी पोकळ आणि टोचरी लागते. पण त्याच्याबरोबर जे बायकार्बोनेट येतं ते कॉफीतलं आम्ल मारून टाकतं. थोडं मारलं तर गोल चव येते, जास्त मारलं तर कॉफी सपाट होते, जिभेवर खडूसारखं काहीतरी राहतं, आणि आपल्याला वाटतं पावडर कमी पडली म्हणून अजून घालतो, मग ती कडू होते. तू जे कडू पाणी म्हणतेस ना ते बहुतेक हेच.

जर्मनीत पाण्याचा जडपणा त्यांच्या डिग्रीत मोजतात, १ डिग्री म्हणजे लिटरमध्ये साधारण १७.८ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, ८.४ च्या खाली असेल तर मऊ, १४ च्या वर गेलं की जड, मधलं मध्यम. पाणीवाल्या कंपनीच्या साइटवर आपला पिनकोड टाकला की आकडा मिळतो, फुकट. कॉफीसाठी मला ४ ते ८ च्या मध्ये आवडतं. तिथे मिळतो तो फिल्टरचा जग घे, ज्यात पांढरी कार्ट्रिज बसते, तो नेमकं हे बायकार्बोनेटच कमी करतो, फक्त कार्ट्रिज महिन्याभराने बदलायची, जड पाण्यात तर त्याआधीच थकते. जग घ्यायच्या आधी खात्री करायची असेल तर एक दिवस बाटलीचं पाणी आणून बघ, न फसफसणारं, लेबलवर हायड्रोजनकार्बोनेट लिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत असलेलं, व्होल्विकचं ७०-७५ च्या आसपास असतं. तुझ्याच आईच्या पावडरीची एक कॉफी नळाच्या पाण्यात कर, एक ह्या पाण्यात, शेजारी ठेवून पी. अर्धा तास लागेल पण पुढची अनेक वर्षं पैसे वाचतील.

बाकीच्यांसाठी म्हणून सांगते, लंडन, बर्लिन, अमेरिकेतलं फीनिक्स ही सगळी जड पाण्याची गावं. ग्लासगो, मँचेस्टर, न्यूयॉर्क, सिएटल, व्हँकुव्हर मऊ पाण्याची. मऊ पाण्याच्या गावी उलटी अडचण, तिथे आंबटपणा उघडा पडतो, म्हणून तिथे थोडी जास्त भाजलेली कॉफी घ्यायची, फिल्टर-बिल्टर काही लागत नाही.

दूध. आपल्याकडचं फुल क्रीम थैलीचं दूध ६ टक्के फॅटचं, म्हशीचं असलं तर त्याहून जास्तच, आणि ते आपण उकळतो, साय येईपर्यंत. तिकडचं फुल म्हणवणारं दूध साडेतीन ते पावणेचार टक्के, अमेरिकेत तर सव्वातीन. आणि ते उकळायची तिकडे कुणाला सवय नाही. म्हणजे तुझ्या कपात जवळजवळ निम्मी स्निग्धता गेली आणि उकळल्याचा तो थोडा गोडसर खरपूस वास पण गेला. कॉफीचा कडूपणा झाकायला मग काही उरतच नाही.

ह्याला उपाय सोपा आहे. तिकडे न फ्रिजमधलं, शेल्फवरचं जे लांब टिकणारं दूध मिळतं, ज्याला ते हा-मिल्ख म्हणतात, त्याला तिथले कॉफीवाले नाकं मुरडतात कारण त्याला शिजल्याचा वास येतो, पण आपल्याला तोच वास हवाय. ते घे, आणि त्यात चार भागाला एक भाग बिनसाखरेचं कोंडेन्समिल्ख घाल, ७.५ किंवा १० टक्केवालं, ब्रेड-कॉफीच्या शेल्फवर छोट्या बाटलीत असतं. अमेरिकेत असशील तर हाफ अँड हाफ, म्हणजे निम्मं दूध निम्मं क्रीम, थोडं मिसळायचं, इंग्लंडमध्ये जर्सी गाईचं गोल्ड टॉप दूध मिळतं ते असंच छान. नाहीतर नुसतं फुल दूध जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर पाव कमी होईपर्यंत आटव, रविवारी आटवून ठेवलंस की तीन दिवस जातं. ह्या एका गोष्टीने माझ्याकडे आलेल्या अर्ध्या तक्रारी मिटल्यात.

आता कॉफी. लक्ष देऊन वाच कारण इथे उलटं शिकवलं जातं. अरेबिका आणि रोबस्टा ह्या कॉफीच्या दोन मुख्य जाती. थैलीवर "१०० टक्के अरेबिका" लिहिलेलं असलं की लोक समजतात हीच उत्तम. काळी प्यायची असेल तर बरोबर आहे. पण आपली दुधाची कॉफी नुसत्या अरेबिकावर उभीच राहत नाही, तिला रोबस्टाचं अंग लागतं. भारतात पिकणाऱ्या कॉफीत साधारण ७० टक्के रोबस्टा आहे, कोडगू, वायनाड, चिकमगळूरचा खालचा भाग, आणि ती कमी दर्जाची आहे असं जे बोललं जातं ते आपल्याकडच्या धुतलेल्या, म्हणजे वाळवायच्या आधी गर काढून पाण्याने स्वच्छ केलेल्या, रोबस्टाला लागू होत नाही. आणि ही जाते कुठे माहितीये? भारताची कॉफी सगळ्यात जास्त इटली घेते. इटालियन एस्प्रेसोवरचा तो जाड सोनेरी फेस बऱ्याचदा आपल्या रोबस्टाच्या जोरावर असतो. म्हणून माझं साधं सांगणं, इटालियन पद्धतीचं ब्लेंड घे ज्यावर २० ते ४० टक्के रोबस्टा लिहिलंय, घराच्या चवीच्या सगळ्यात जवळ तेच जाईल, आणि त्यात कोडगूचा दाणा असण्याची शक्यता पण बरीच आहे. म्युनिक तर इटलीहून फार लांब नाही, तिथे इटालियन किराणा दुकानं भरपूर.

दुसरं, तिकडच्या छोट्या रोस्टरींमध्ये एक नाव हमखास दिसेल, इंडिया मॉन्सून्ड मलबार. ही आपली चीज आहे. पूर्वी जहाजातून कॉफी युरोपला पोचायला सहा सहा महिने लागायचे, दमट हवेत दाणा फुगायचा, पिवळट व्हायचा, आंबटपणा जायचा, आणि तिकडच्या लोकांना ती चव आवडायला लागली. जहाजं वेगवान झाल्यावर दाणा हिरवाच पोचायला लागला तर गिऱ्हाईक कुरकुरलं, तेव्हा मंगळूरकडच्या गोदामांत जून ते सप्टेंबर पावसाळी वाऱ्यात दाणे पसरून, उलथून, मुद्दाम तसं करायला लागले, आजही करतात. चव मातकट, मसाल्यासारखी, आम्ल जवळजवळ नाही. दुधात फार छान. फक्त पाणी सुधारल्यावर घे, म्युनिकच्या सरळ नळाच्या पाण्यात जे थोडं आम्ल असतं ते पण मरतं आणि ती अगदीच मुकी लागते. आणि काळी पिणाऱ्यांनी ह्याच्या उलट करावं, पाणी जड आहे आणि सुधारायचं नाही तर केनिया-इथिओपियाची चढी कॉफी घ्यावी, तिच्यात मारायला आम्ल शिल्लक असतं.

थैली घेताना काय बघायचं. पहिली भाजल्याची तारीख, तिकडे रोस्टडाटुम लिहितात. सुपरमार्केटच्या थैलीवर ती नसते, नुसती "अमुक पर्यंत चांगली" अशी तारीख असते आणि ती भाजल्यापासून वर्ष दीड वर्ष पुढची असते त्यामुळे तिच्यावरून काही कळत नाही. भाजून आठवडा ते दीड महिना ह्या मधली घे. अगदी कालची भाजलेली पण नको, तिच्यात वायू भरलेला असतो, पाणी टाकलं की नुसती फुगते आणि चव उतरत नाही, चारपाच दिवस बसू द्यावी लागते, म्हणून तर थैलीला ते बारीक भोकाचं बटण असतं, वायू बाहेर जायला. दुसरं, तिकडे एकाच कॉफीच्या दोन थैल्या असतात, एकीवर फिल्टर आणि एकीवर एस्प्रेसो. आपण फिल्टर कॉफीवाले म्हणून हात आपोआप फिल्टरकडे जातो आणि इथेच फसतो. त्यांचं फिल्टर म्हणजे कागदातून गाळलेली पातळ काळी कॉफी, तो कागद पण जर्मनीचाच, मेलिटा बेंट्झ नावाच्या ड्रेस्डेनच्या गृहिणीने १९०८ मध्ये मुलाच्या वहीतला टीपकागद वापरून काढला, आणि त्याच्यासाठी कॉफी हलकी भाजतात. तुला दुधासाठी एस्प्रेसो लिहिलेलीच हवी, मग ती तू कशातही कर. चवीच्या वर्णनात चॉकलेट, हेझलनट, कॅरमेल असलं तर घे, ब्राझील-भारत असं मूळ असलं तर उत्तम. लिंबू, जास्वंद, बेरी असलं तर दुधासाठी सोड.

किंमत ऐकून दचकशील. तिकडे भाजलेल्या कॉफीवर किलोला २.१९ युरो वेगळा कॉफी कर आहेच, वर ब्राझीलच्या दुष्काळाने फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका पौंडाला ४ डॉलरच्या वर गेली होती. पण हिशोब कपाचा कर. पावकिलोत १५ ग्रॅमचे १६ कप होतात. थैली १२ युरोची असली तरी कप पाऊण युरोला पडला, बाहेरच्या कपाच्या मानाने कितीतरी कमी. एकदम किलो घेऊ नकोस मात्र, पावकिलोच घे, संपली की परत जा, दुकानदाराशी ओळख वाढव. मागच्या थैलीचं काय आवडलं काय नाही हे त्याला सांगत गेलीस की तिसऱ्या-चौथ्या थैलीला तो तुझी जीभ ओळखायला लागेल. माझी तर सगळी शिकवण तशीच सुरू झाली.

आणि आता ती गोष्ट जी त्या दुकानात कधीच मिळणार नाही, चिकोरी. आईच्या पावडरीवर बारीक अक्षरात बघ, कॉफी-चिकोरी मिश्रण लिहिलेलं असेल. आपल्या कायद्याने त्यात कॉफी निदान ५१ टक्के लागते, म्हणजे बाकी ४९ पर्यंत चिकोरी चालते. ते एक कंद आहे, भाजून कुटलेलं, आपल्या शेजारच्या गुजरातेत भरपूर पिकतं. कॉफी नाही, कॅफिन नाही, पण रंग, दाटपणा आणि तो जळक्या गुळासारखा मागे रेंगाळणारा गोडवा तिचा असतो. तुला जी घरची चव वाटते त्यातला मोठा वाटा ह्या कंदाचा असू शकतो, आणि ह्यात कमीपणा वाटून घ्यायचं काही कारण नाही. जर्मनीत रेफॉर्महाउस म्हणजे आरोग्याच्या पदार्थांचं दुकान, तिथे किंवा बायो म्हणजे सेंद्रिय मालाच्या दुकानात शुद्ध चिकोरी मिळते, तिकडे त्सिखोरिये म्हणतात. फ्रान्समध्ये तर साध्या किराण्यात असते. अमेरिकेत व्हिएतनामी दुकानात न्यू ऑर्लिन्सच्या कॅफे दु माँदचा डबा मिळतो, त्यात कॉफीबरोबर चिकोरी असतेच. १०० ग्रॅम कॉफीला १५ ग्रॅमपासून सुरू कर, २५ च्या पुढे जाऊ नकोस.

पितळी फिल्टर असेल तर चिकोरीचं अजून एक काम आहे ते कुणी सांगत नाही. ती पाणी धरून ठेवते म्हणून डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, थेंब थेंब उतरतं. नुसती कॉफी घातली की पाणी सरसर खाली जातं, डिकॉक्शन पाणचट, आणि आपण म्हणतो तिकडची कॉफी पातळ. नुसती घालायची असेल तर दळण थोडं बारीक ठेवायचं आणि वरून चकतीने नीट दाबायचं. २५ ग्रॅम कॉफी, १५० मिली पाणी, उकळी बसल्यावर अर्ध्या मिनिटाने ओतायचं, २० मिनिटं हात लावायचा नाही. ५ मिनिटांत सगळं खाली आलं तर दळण जाड आहे, तासभर लागला तर फार बारीक. फिल्टर नसेल तर मोका पॉट घे, शेगडीवर ठेवायचं कॉफीचं भांडं, खालच्या पाण्याची वाफ कॉफी वर ढकलते, इटलीत १९३३ मध्ये निघालं, आता घरोघरी आहे, ३ कपवाल्यात १५ ग्रॅम बसते, दाबायची नाही, खालच्या भांड्यात गरम पाणीच घालायचं आणि आच मंद, फुरफुरायला लागलं की लगेच उतरवायचं, शेवटचा तो फुरफुराट पावडर जाळतो. तुझी शेगडी इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा चालणार नाही, स्टीलचा बघ.

दळण म्हणशील तर, पैसे खर्च करायचे असतील तर ब्रँडेड कॉफीवर करू नकोस, हाताच्या बर ग्राइंडरवर कर, जात्यासारखा दोन दातऱ्यांमध्ये दाणा भरडतो तो. ६०-७० युरोत चांगला येतो आणि वर्षानुवर्षं चालतो. मिक्सर किंवा पातीचं ग्राइंडर दाणा तोडतं, त्यात पीठ पण असतं आणि खडे पण, पीठ कडू होतं, खडे आंबट राहतात, एकाच कपात दोन्ही. सध्या नसेल घ्यायचा तर रोस्टरीतच दळून घे, फक्त मोका किंवा इंडियन फिल्टर असं सांग आणि १०० ग्रॅमच दळून घे. टर्किश दुकानातली पावडर वासाने मोहात पाडते पण ती मैद्याइतकी बारीक, फिल्टर बंद पडेल, तिला त्यांच्यासारखं भांड्यातच उकळावं.

तिकडे इथिओपियन-एरिट्रियन दुकानं सापडली तर त्यांच्याकडे हिरवे दाणे मिळतात, लोखंडी तव्यावर घरी भाजता येतात, शेंगदाणे भाजतो तसं सतत हलवत, तडतड सुरू झाली की पहिली पायरी, दुधासाठी त्याच्या पुढे दोनेक मिनिटं. वजन १५ टक्क्यांच्या आसपास घटतं. पण धूर होतो, तिकडे घरोघरी धुराचा अलार्म असतो, बाल्कनी असल्याशिवाय हा उद्योग करू नकोस.

आईच्या २ किलोचं काय करायचं. दळलेली कॉफी थैली उघडली की पंधरा दिवसांत वास सोडते, म्हणजे २ किलो ही एका घराला संपेपर्यंत निम्मी शिळीच. जी उरलीय ती १०० - १०० ग्रॅमच्या पुड्या करून, हवा काढून, फ्रीझरमध्ये टाक. फ्रीझर, फ्रिज नाही, फ्रिजमध्ये ओल आणि मसाल्याचे वास दोन्ही लागतात. पुडी काढली की आधी बाहेरच्या तापमानाला येऊ दे मग उघड, नाहीतर आतच पाणी सुटतं. आणि आईला सांग पुढच्या वेळी पाठवायचीच असेल तर सबंध दाणे, तेही पाव-अर्धा किलो. भाजलेली कॉफी घरच्यापुरती नेली तर युरोपात सहसा अडवत नाहीत, दुधाचे पदार्थ मात्र आपल्याकडून न्यायला बंदी आहे, पेढे-खवा नको. अमेरिकेला जाणाऱ्यांनी पावडर केबिन बॅगेत ठेवू नये, ३५० मिलीपेक्षा जास्त असली की थांबवतात.

आता आजीच्या कॉफीबद्दल, कारण मला मनातून वाटतंय की तुला तीच हवीय. पावडर दुधात उकळायची पद्धत तिकडच्या ताज्या कॉफीला सोसत नाही, उकळली की कडवट होते. म्हणून डिकॉक्शन वेगळं काढ, मोकात किंवा फिल्टरमध्ये. दूध साखर घालून, दोन वेलदोडे ठेचून, दोन उकळ्या येऊ दे. गॅस बंद करून ५० मिली डिकॉक्शन १२० मिली दुधात ओत. जायफळ सगळ्यात शेवटी, कप भरल्यावर, सबंध जायफळ किसणीवर दोनदा घासायचं, एवढंच. उकळत्या दुधात घातलं की वास वाफेबरोबर जातो आणि मागे तुरटपणा राहतो. जायफळ इंदूरच्या सियागंज बाजारातूनच मागवायला पाहिजे असं नाही, जर्मन लोक बटाट्यात घालतात त्यामुळे प्रत्येक दुकानात मुस्काटनुस नावाने सबंध मिळतं, छोट्या किसणीसकट. पूड घेऊ नकोस.

आता तू आधी पिनकोड टाकून पाण्याचा आकडा काढ आणि मला कळव, सोबत हे पण सांग की शेगडी कुठली आहे आणि घरी फिल्टर आहे का मोका. त्यावर दळण किती बारीक ठेवायचं ते मी नेमकं सांगते, आणि तोवर नवीन थैली आणू नकोस, आईच्याच पावडरीवर पाणी आणि दूध बदलून बघ.